आई ६८ वर्षांच्या, मधुमेह आहे, कोजागिरीला सप्तशृंगी गडावर जायचंय. आत्ता फ्लूची लस घ्यावी का?

घ्यावी, आणि याच आठवड्यात. लस टोचली की लगेच कवच चढत नाही, साधारण दोन आठवडे लागतात. गडावर कोजागिरीला कावडी घेऊन आलेल्यांची ही गर्दी, रांगेत माणसाला माणूस खेटलेला. तेव्हा आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही.

वय ६५ च्या पुढे आणि वर मधुमेह, म्हणजे फ्लू न्यूमोनियावर जाण्याचा धोका जास्त. विषाणू रूप बदलतो आणि लसीचा असरही ओसरतो, म्हणून दरवर्षी नवा डोस. घेताना कुपीवरचा हंगाम आणि एक्सपायरी बघून घ्या, गेल्या वर्षीचा उरलेला माल नको.

"लसीनेच ताप येतो" हे आपल्याकडे हमखास ऐकू येतं. दंडावरच्या नेहमीच्या लसीतला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. दंड दुखणं, एखाद दिवस कणकण, एवढंच. साध्या सर्दीला मात्र ही लस अडवत नाही, फ्लूपासूनही शंभर टक्के हमी नाही. आजार बळावण्याची शक्यता कमी होते. आधी कुठल्या लसीची जोरदार अ‍ॅलर्जी आली असेल किंवा आत्ता अंगात ताप असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

बाकी शरदाची मजा सोडू नका. अंजनेरीवर रानफुलं अजून असतील, सकाळी लवकर जा, ऑक्टोबर हीट दहा वाजताच चटके देते. मसाला दूध आईंना बिनसाखरेचं, केशर-वेलदोडा सढळ हाताने. सीताफळ मात्र मोजून द्या, ते फारच गोड.