तारण गेलं का म्हणून विचारलंस, त्याचं उत्तर

प्रिय बापू,
येशूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज परवा रात्री दीड वाजता आलेला, मी सकाळी पाहिला. एकच ओळ, "काका, माझं तारण गेलं का हो?" म्हणजे देवानं पापातून केलेली सुटका हातची गेली का, आणि खाली काहीच नाही. फोन लावला तं तू उचलला नाही, मग तुझ्या आईला लावला, तिनं सगळं सांगितलं, पुण्यातली दोन वर्षं, चर्चमधी पाऊल नाही, पिणं, आणि दिवाळीत गावी आल्यावर कन्व्हेन्शनमधी त्या प्रचारकानं बायबलमधल्या इब्री लोकांच्या पत्राचा सहावा अध्याय काढून सांगितलं की ज्यानं एकदा चाखलं आणि मागं फिरला त्याच्यासाठी दार बंद. तेव्हापासून पोट्टं धड जेवत नाही म्हणे. आईवर रागवू नको, माय आहे ती, सांगणारच. मी आता वावरात बसून लिहितो आहे, थ्री-फेजची लाईट रात्री बारानंतर येते, हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे, तोवर टाइम आहे.

उत्तर आधी देतो, कारण मेसेज आल्यापासून तू त्याचीच वाट पाहत असशील. नाही गेलं. मी असं काऊन म्हणतो ते आता सांगतो, आणि जिथं मला स्वतःला अडतं तेही लपवणार नाही.

आधी तोच अध्याय घे. सहाव्या अध्यायाच्या चार ते सहा ओवी कठीण आहेत, त्यांना गुळमुळीत करून चालत नाही. ज्यांना प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागी झाले आणि मग पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापापर्यंत आणणं अशक्य, असं लिहिलेलं आहे. पण हे पत्र कोणाला लिहिलं ते पाह्य. यहुदी लोक होते, ख्रिस्तावर विश्वास ठेवला म्हणून त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, त्रास झाला होता, आणि आता त्यातले काही जण विचार करत होते की ख्रिस्ताला सोडून द्यावं आणि जुन्या याजकांकडं, जुन्या यज्ञांकडं परत जावं. म्हणजे उघड उघड, समजून उमजून, चारचौघांत येशूला पुन्हा वधस्तंभावर देणं. तू रूमवर एकटा पीत होता आणि लाज वाटून चर्चमधी जात नव्हता, दोन्ही पापच आहे पण दोन्ही एक नाही.

आणि त्या प्रचारकानं जिथं बायबल मिटलं तिथून पुढं वाचजो. सात-आठव्या ओवीत जमिनीचा दाखला आहे, तो आपल्यासारख्या वावरातल्या माणसाला लवकर समजतो. पाऊस दोन्ही वावरांवर सारखाच पडतो, एकात पीक येतं, दुसऱ्यात काटे. माझ्या धुऱ्यापलीकडं बरड आहे, माझ्या पऱ्हाटीवर जेवढा पाऊस पडला तेवढाच तिच्यावर पडला, तिथं टरोटा आणि काटेच उगवले. पाऊस पडला म्हणजे पीक आलं असं नाही. चाखणं, प्रकाश पाहणं, मंडळीत बसून डोळ्यांत पाणी येणं, हा पाऊस झाला. आणि नवव्या ओवीत लेखक लगेच म्हणतो की प्रियजनहो, आम्ही असं बोलतो खरं, पण तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे, तारणासोबत येणाऱ्या गोष्टींची. मांडवातल्या पोरांना ती ओवी वाचून दाखवली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अजून एक सांगतो. तुझी आई म्हणाली की त्याच कन्व्हेन्शनमधी दुसऱ्या दिवशी आल्टर कॉल झाला, "ज्यांचं तारण गेलं ते पुढं या, पुन्हा मिळवा." आता तूच विचार कर. ती ओवी जर गेलेल्या तारणाबद्दल असेल तं तिच्यात परत येणं अशक्य आहे असं लिहिलेलं आहे, मग पुढं कायले बोलावता? त्या ओवीच्या जोरावर आज माणसाला बाहेर काढायचं आणि उद्या आत बोलवायचं, असं करता येत नाही. हा प्रश्न मंडळीत आजचा नाही. इसवी सन 250 मधी रोमचा सम्राट डेसियस यानं सगळ्यांना देवतांपुढं बळी देण्याचा हुकूम काढला, पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी तो दिला आणि छळ थांबल्यावर रडत परत आले. रोममधला नोवेशियन म्हणाला, यांना परत घ्यायचं नाही. मंडळीनं त्याचं ऐकलं नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन वगैरे मंडळींनी 251 मधी ठरवलं की पश्चात्ताप खरा असेल तं दार आहे, घाई करू नका, पण दार आहे.

आता तू म्हणशील, मग बायबलमधी इशारे आहेत तरी कशाला, जायचंच नसेल तं भीती कशाची? मला हा प्रश्न बरीच वर्षं छळत होता आणि त्याचं उत्तर मला प्रेषितांच्या कृत्यांत, 27व्या अध्यायात सापडलं, जिथं मी कधी शोधलंच नव्हतं. प्रेषित पौल कैदी म्हणून जहाजावर आहे, वादळ सुटलंय, जहाजावर 276 माणसं. देवदूत रात्री येऊन सांगतो की एकाचाही जीव जाणार नाही, आणि पौल ते सगळ्यांना सांगतो. वचन पक्कं. मग थोड्याच ओव्यांनंतर खलाशी गुपचूप छोटी होडी समुद्रात सोडून पळायला पाहतात आणि तोच पौल शताधिपतीला, म्हणजे शिपायांच्या रोमी अधिकाऱ्याला, म्हणतो, हे जहाजात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. इशाराही पक्का. शिपायांनी होडीचे दोर कापून टाकले आणि शेवटी 276 च्या 276 किनाऱ्याला लागले. वचन खोटं नव्हतं आणि इशाराही नुसता दाखवायला नव्हता, देवानं वचन पूर्ण केलं ते इशाऱ्याच्या हातानं.

आमच्या जुन्या विहिरीला कठडा नव्हता. मी चार-पाच वर्षांचा असताना तिकडं धावलो की बाबा अख्ख्या वावरात ऐकू जाईल असे ओरडायचे, "अबे तिकडं नोको जाऊ, पडशीन तं मरशीन!" आणि ओरडता ओरडताच हातातलं सोडून माझ्याकडं धावत यायचे. पडलो तर मरणार हे खरंच होतं. पण बाबा मला पडू देणार होते का? ते ओरडणं हाच त्यांचा हात होता, प्रत्यक्ष हात पोचायच्या आधी पोचणारा. इब्री सहा ऐकून तुझी झोप उडाली ना, तो आवाज तुला कळाला म्हणूनच उडाली. ज्याला काहीच वाटत नाही, जो म्हणतो माझा बाप्तिस्मा झालाय आता मी काहीही करीन, त्याची मला जास्त काळजी वाटते.

आता इसाराचं. इफिसच्या पत्रात पहिल्या अध्यायात 13-14 ओवीत पवित्र आत्म्याला विसार म्हटलंय, आपण इसार म्हणतो तोच, सौदा पक्का करायला आधी दिलेला पैसा. तुझ्या आजोबांनी ते तीन एकर घेतलं तेव्हा इसारपत्र झालं होतं, घरी असेल अजून. इसार कोण देतो? विकत घेणारा. घेणाऱ्यानं माघार घेतली तं कोणाचा पैसा बुडतो? त्याचाच. देवानं तुझा सौदा केला आणि इसार म्हणून स्वतःचा आत्मा दिला. तो आता मागं सरला तं काय बुडेल याचा विचार कर. मी हा शब्द लहानपणापासून वाचत होतो, पण पहिल्यांदा बैलाच्या बाजारात स्वतःच्या हातानं इसार दिला तेव्हा मला ती ओवी कळली, घरी येऊन पुन्हा वाचली आणि रडलो.

योहान दहामधी येशू म्हणतो की माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावणार नाही, आणि बापाच्या हातातूनही नाही. यावर आपल्याकडं बरेच चांगले विश्वासणारे म्हणतात की हिसकावणार नाही हे खरं, पण मेंढरू स्वतःच्या पायानं निघून गेलं तं? हा प्रश्न खोडसाळ नाही. मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला तो जॉन वेस्ली असंच मानायचा, की खरा विश्वासणाराही गळून पडू शकतो, आणि वेस्लीनं जेवढे लोक प्रभूकडं आणले तेवढे आपण दहा जन्मांत आणणार नाही. यवतमाळचे फ्री मेथडिस्ट, वाशिमचे नाझरीन, ही सगळी वेस्लीच्याच शिकवणीची माणसं, मी त्यांच्याच संडे स्कूलमधी वाढलो. तिकडं नागपूरला मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 ला आला तो स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचा, त्यांच्या विश्वासपत्रिकेत अख्खं प्रकरणच आहे की देवानं ज्यांना स्वीकारलं ते पूर्णपणे आणि कायमचे गळून पडत नाहीत. आणि 29 नोव्हेंबर 1970 ला त्याच नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात प्रेस्बिटेरियन परंपरेचे होते, मेथडिस्टही होते, एकाच मेजावर प्रभुभोजन घेतात. म्हणून तुला कोणी म्हटलं की अमुक मत नाही मानलं तर तू ख्रिस्तीच नाही, तं त्याच्याशी वाद घालत बसू नको.

मी स्वतः तारण जात नाही या मताकडं का झुकलो? कारण पाय माझेच आहेत हे खरं, पण मेंढपाळ असा कसा की मेंढरू पायानं चाललं म्हणून जाऊ देतो? लूक पंधरामधी तं तो नव्व्याण्णव रानात सोडून एकाच्या मागं जातो, आणि ते सापडेपर्यंत. नेदरलँडचा धर्मपंडित आर्मिनियस, त्याच्या मागच्या लोकांनी 1610 मधी आपले पाच मुद्दे लिहिले तेव्हा नेमक्या याच मुद्द्यावर लिहिलं की हे शास्त्रातून अजून नीट तपासलं पाहिजे. त्यांचा मला यासाठी आदर वाटतो. आणि त्यांच्या विरोधात 1618-19 ला नेदरलँडच्या डॉर्टमधी जी सभा झाली तिनंही हे लपवलं नाही की विश्वासणारे दावीद राजा आणि येशूचा शिष्य पेत्र यांच्यासारखे मोठ्या पापात पडू शकतात, आणि काही काळ त्यांना देवाच्या कृपेची जाणीवच राहत नाही. जाणीव राहत नाही, हे शब्द लक्षात ठेवजो. तुझी जाणीव गेली आहे बापू. रात्री दीड वाजता तुला वाटलं की तारण गेलं, कारण प्रार्थना केली तं छत लागल्यासारखं वाटलं. मला माहीत आहे ते छत.

आता जिथं मला अडतं ते. माझा एक मित्र होता, आमचा दोघांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी एकाच नदीत झाला, तो आधी उतरला, मग मी. हार्मोनियम वाजवायचा, त्याच्यासारखा आवाज मी पुन्हा ऐकला नाही, मला प्रार्थना करायला त्यानंच शिकवलं. सलग तीन वर्षं नापिकी झाली, घरात एक मरण झालं, आणि तो हळूहळू यायचा थांबला. मी दोनदा गेलो त्याच्याकडं. दुसऱ्यांदा त्यानं शांतपणे सांगितलं की मी आता हे काही मानत नाही, तू चहा पी आणि जा. तिसऱ्यांदा मी गेलो नाही. आठ वर्षांनी तो वारला, तोवर काही बदललं असेल तं मला कळलं नाही. पहिल्या योहानात लिहिलंय की ते आपल्यातून निघाले पण आपले नव्हते. मी ती ओवी त्याला लावून पाहतो आणि माझ्याच्यानं लागत नाही. त्याच्या प्रार्थना मी ऐकल्या होत्या. तो कधीच आत नव्हता असंही मला म्हणवत नाही आणि देवानं त्याला सोडलं असंही म्हणवत नाही. शेवटच्या रात्री त्याच्यात आणि प्रभूत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि ते माझ्याकडं सोपवलेलंही नाही. मी तिसऱ्यांदा गेलो नाही याचा हिशोब मात्र माझा आहे. म्हणून तुझा एका ओळीचा मेसेज पाहिल्यावर मी तुझ्या आईला फोन केला, आणि तू हेही वाचून उत्तर दिलं नाही तं मी रूमवर येणार आहे, सांगून ठेवतो.

पिण्याचं. तारण सुरक्षित आहे म्हणून हे चालतं असं माझ्या पत्रातून काढू नको. पौलानं रोमकरांना सहाव्या अध्यायात हेच विचारलं, कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का, आणि स्वतःच उत्तर दिलं, कधीच नाही. बाप आपल्या पोराला शिक्षा लावतो, इब्री बारामधी आहे, आणि ती शिक्षा दुखते. तुझी ही बेचैनी मला तीच वाटते. रूमवर जे आहे ते आज मोरीत ओत. ज्या दोघांसोबत बसतो त्यांना स्पष्ट सांग. अंग थरथरत असेल, घाम येत असेल, झोप अजिबात लागत नसेल तं लाजू नको, डॉक्टरकडं जा, एकदम सोडल्यानं त्रास होतो आणि त्याला औषध असतं, औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असं कोणी म्हटलं तं ऐकू नको.

आणि पेत्राचं वाच, लूक 22, ओवी 31 पासून. कोंबडा आरवायच्या आधी, पेत्र शपथ घेऊन नाकारायच्या आधी, येशू त्याला सांगून ठेवतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे भावांना स्थिर कर. पडायच्या आधी प्रार्थना झालेली. "वळलास तर" नाही म्हणाला, "वळलास म्हणजे" म्हणाला. पुण्याच्या रूमवर तू पहिला ग्लास उचलला त्याच्या आधी तुझ्यासाठी कोण बोलत होतं ते यातून समज. पौलाचा सोबती मार्कही असाच, पौलाला अर्ध्या रस्त्यात सोडून घरी गेला होता, त्याच्यावरून पौल आणि त्याचा दुसरा सोबती बर्णबा यांच्यात भांडण झालं, आणि शेवटी त्याच पौलानं कैदेतून लिहिलं की मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे.

या रविवारी आपल्याकडं प्रभुभोजन आहे. शनिवारची यवतमाळ गाडी पकड, फाट्यावर उतरून फोन करजो, मी गाडी घेऊन येतो. पाळकांना मी काही सांगितलेलं नाही, तुला वाटलं तं तूच सांग, ते ऐकून घेणारे आहेत. काकू झुणका-भाकर करते म्हणाली. उत्तर मोठं नको लिहू, येतो एवढंच लिही.

लाईट आली, मोटर चालू करतो.

तुझा काका