इंग्रजी येतं, भाषांतराचं ॲपही आहे. मग आणखी भाषा कशाला शिकायची?

तुमचा प्रश्न असा आहे की इंग्रजी चांगलं येतं, फोनमध्ये भाषांतराचं ॲप आहे, मग पस्तिशीत आणखी एखादी परकी भाषा शिकण्यात वेळ घालवावा का. माझं उत्तर हो असंच आहे. फक्त जी घ्याल ती कामाला येईल इतकी पक्की करा.

मी जर्मनमधून इंग्रजीत तांत्रिक भाषांतरं करते. २०१६ च्या सुमारास न्यूरल भाषांतर (कृत्रिम बुद्धिमत्तेने अख्खं वाक्य पाहून केलेलं यंत्रभाषांतर) सर्वत्र आलं आणि आमच्या कामाचं स्वरूपच पालटलं. पहिला मसुदा आता बहुतेक वेळा यंत्र करतं, मी तो तपासते. पूर्वी यंत्राची चूक लांबूनच ओळखू यायची. आता मूळ वाक्यातला नकार गळला तरी भाषांतर इतकं सफाईदार असतं की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. औषधाच्या माहितीपत्रकात किंवा करारात हे किती महागात पडेल याचा विचार करा. ती चूक पकडायला दोन्ही भाषा जाणणारा माणूसच लागतो.

इंग्रजी तर हवीच. पण तुमच्यासोबत अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला ती येत असेल, तर तुम्ही वेगळे कशाने ठरणार? शिवाय अनेक दारं इंग्रजीने उघडतच नाहीत. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे बी२ पातळीची जर्मन लागते (युरोपात भाषा सहा पातळ्यांत मोजतात, ए१ सुरुवातीची आणि सी२ सर्वांत वरची), डॉक्टरांना तर सी१ पातळीची वैद्यकीय भाषेची परीक्षा द्यावी लागते. जपानने २०१९ मध्ये कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा आणला, त्यातही परदेशातून नव्याने येणाऱ्यांना साधारणपणे जपानीची परीक्षा आहेच. रुग्ण रात्री कुठे दुखतंय ते सांगतो तेव्हा फोन पुढे करून भागत नाही. युरोपीय संघात २४ अधिकृत भाषा आहेत आणि नागरिकाने संघाच्या संस्थांना त्यांपैकी ज्या भाषेत पत्र लिहिलं, त्याच भाषेत त्यांना उत्तर द्यावं लागतं. एवढा खटाटोप कोणी हौसेने करत नाही.

आता कष्टांचं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांसाठी स्पॅनिशला साधारण ६०० ते ७५० तास धरते आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबीला २,२०० तास. हे आकडे पाहून घाबरू नका, कारण ते आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नामापुढे प्रत्ययासारखे शब्द लागतात. इंग्रजी बोलणारा तिथे अडखळतो, मराठी माणसाला ती रचना घरचीच वाटते. (कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, मात्र दोघांनाही सारखी छळते.) जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून लोक रडतात. आपण तर लहानपणापासून तीन लिंगं सांभाळत आलोय! कुठला शब्द कुठल्या लिंगाचा हे पाठच करावं लागतं, पण विशेषणाने नामाप्रमाणे रूप बदलावं ही कल्पना आपल्याला नवी नाही. मराठीचा हा फायदा क्लासमध्ये क्वचितच कोणी सांगतं, म्हणून मुद्दाम सांगतेय.

बहुभाषकांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणं काही वर्षं उशिरा दिसतात, असं काही अभ्यासांत आढळलंय. सगळे अभ्यास तसं म्हणत नाहीत, त्यामुळे तेवढ्यासाठी भाषा शिकू नका.

वयाचं म्हणाल तर उच्चार मुलांचे चांगले बसतात, पण व्याकरण समजून घेण्यात सुरुवातीला मोठी माणसं पुढे असतात. पाच भाषांची तोंडओळख करून घेण्याचा मोह टाळा. ए१ ची पाच प्रमाणपत्रं बायोडेटावर छान दिसतात, पण त्यांच्या जोरावर एक फोनकॉलही निभावत नाही. तुमच्या क्षेत्रातल्या कंपन्या कुठल्या देशांशी व्यवहार करतात ते आधी बघा, त्यातली एक भाषा निवडा आणि ती बी२ पर्यंत न्या. ती स्पॅनिश निघाली, तर पुढे पोर्तुगीज किंवा इटालियन बऱ्याच कमी वेळात येईल. रोज तासभर देता येत असेल तर याच महिन्यात सुरुवात करा.