न्यू जर्सीत बायकांना मत कधी मिळालं, 1776 का 1920?

प्रश्न : आम्ही एडिसनला राहतो. लेकीला शाळेत बायकांच्या मताधिकारावर प्रोजेक्ट आहे. ती कुठेतरी वाचून आली की न्यू जर्सीत बायका 1776 पासूनच मत देत होत्या, आणि टीचर म्हणतात 1920. यातलं खरं काय, आणि पहिलं खरं असेल तर मधे झालं काय?

उत्तर : ताई, दोन्ही खरंय. मिळालेला हक्क मधे काढून घेतला, आणि तो प्रकार भलताच मजेशीर आहे, म्हणजे वाचायला मजेशीर, ज्यांचं मत गेलं त्यांना कसली मजा.

1776 च्या न्यू जर्सीच्या घटनेत लिहिलं होतं की 50 पौंडांची मालमत्ता असलेल्या सगळ्या रहिवाशांना मत. पुरुष असा शब्दच नव्हता. तो चुकून राहिला म्हणावं तर 1790 च्या कायद्यात सात काउंट्यांसाठी आणि 1797 मधे सगळ्या राज्यासाठी 'तो किंवा ती' असं चक्क लिहून ठेवलंय, त्यामुळे चुकून हे काही पटत नाही. पण सरसकट सगळ्या बायकांना नाही हं, लग्न झालं की बाईची मालमत्ता नवऱ्याची, मग 50 पौंड आणायचे कुठून? म्हणून मत देणाऱ्या मुख्यतः विधवा आणि बिनलग्नाच्या. मालमत्ता असलेले काळे स्त्री-पुरुषही मत देत. माँटगोमेरी टाउनशिपची 1801 ची मतदार यादी सापडलीय, तिच्यात कमीत कमी 46 बायकांची नावं आहेत.

आता बिघडलं कुठे, तर पक्षांच्या राजकारणात. 1797 मधे एलिझाबेथटाउनच्या बायकांनी फेडरलिस्ट पक्षाच्या उमेदवाराला भरभरून मतं दिली आणि समोरचे रिपब्लिकन जॉन काँडिक्ट जेमतेम निवडून आले. (हे जेफरसनवाले रिपब्लिकन, आजचे नव्हेत.) काँडिक्ट हे विसरले नसावेत असं आपलं मला वाटतं, कारण पुढे त्यांनी काय केलं ते बघा.

1807 मधे एसेक्स काउंटीचं नवीन कोर्ट नेवार्कला बांधायचं की एलिझाबेथटाउनला यावर मतदान झालं. दोन्ही गावं इरेला पेटली, मतदार होते त्याहून मतं जास्त पडली, पुरुष आणि पोरं बायकांचे कपडे घालून परत परत मत देऊन आली असं लोक सांगत होते! नेवार्क जिंकलं, पण घोटाळाच एवढा की निकाल रद्द झाला. मग त्याच वर्षी काँडिक्ट यांनी विधेयक आणलं, की मत फक्त कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुष नागरिकांना. झग्यात शिरले पुरुष आणि मत गेलं बायकांचं, काळ्यांचं तर त्यांच्याबरोबर उगाचच. दोन्ही पक्षांना ते सोयीचं होतं, त्यामुळे फार कोणी अडवलंही नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लूसी स्टोन तेव्हा न्यू जर्सीतल्याच ऑरेंजला राहायच्या, मत नाही तर कर पण नाही म्हणून 1857 च्या शेवटी त्यांनी कराचं बिल परत पाठवलं, तर सरकारने घरातल्या वस्तू लिलावात काढल्या. 1868 मधे व्हाइनलँडला 172 बायकांनी स्वतःची वेगळी पेटी ठेवून मतं टाकली, ती अर्थातच मोजली नाहीत. 1915 मधे बायकांना मत द्यायचं का यावर राज्यात सार्वमत झालं, राष्ट्राध्यक्ष विल्सन स्वतः प्रिन्स्टनला येऊन बाजूने मत देऊन गेले, तरी हरलंच. शेवटी 1920 च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीने बायकांना मत देणाऱ्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीला मंजुरी दिली आणि ऑगस्टमधे ती देशभर लागू झाली.

तेव्हा लेकीला 1776 ते 1807 आणि मग 1920 असं लिहू दे, आणि त्या 1790 च्या कायद्यातलं 'तो किंवा ती' नक्की टाकायला सांगा, टीचरनी शंका काढली तर तेवढं पुरे. शिवाय बायकांच्या मतासाठी व्हाइट हाउससमोर निदर्शनं करून तुरुंगात गेलेल्या अ‍ॅलिस पॉल तुमच्याच राज्यातल्या, माउंट लॉरेलच्या. त्यांचं घर अजून आहे, शनिवार-रविवारी गाडी काढून जाता येईल, फक्त उघडं असतं का ते आधी फोन करून विचारा.