तिसऱ्यांचा जपानी उदोन घरी कसा करावा?

तुमचा प्रश्न असा: ठाण्यात ताज्या तिसऱ्या मिळतात, त्यांचं जपानी पद्धतीचं नूडल्सचं सूप घरी करायचं आहे, पण साके (जपानी तांदळाची दारू) आणि दाशी (जपानी सूपाचं मूळ पाणी) नसेल तर काय? आणि मागच्या वेळी दाताखाली वाळू का आली?

मी तोक्योत निशी-कासाईला राहते. इथे या सूपासाठी आसारी नावाची शिंपली वापरतात. आसारी आणि आपली तिसरी एकाच कुळातल्या, त्यामुळे मुख्य जिन्नस तुमच्याकडे आहेच. फक्त रामेनच्या मागे लागू नका, उदोन करा. रामेनच्या नूडल्समध्ये क्षारयुक्त पाणी असतं, त्यांना स्वतःचा वास असतो. उदोन म्हणजे मैदा, मीठ, पाणी. तो शिंपल्यांच्या चवीच्या आड येत नाही, आणि या पदार्थात सगळं काही ती चव राखण्यासाठीच करायचं असतं.

आधी वाळूचं बघू, कारण खरी मेहनत तिथेच आहे. नळाच्या साध्या पाण्यात टाकल्या की तिसऱ्या शिंपा घट्ट मिटून घेतात आणि वाळू आतच राहते. तुमचं बहुधा तसंच झालं असणार. लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे ते साधारण समुद्राइतकं खारट होतं. पसरट भांड्यात जाळी ठेवून तिच्यावर तिसऱ्या एका थरात मांडा. जाळी यासाठी, की सोडलेली वाळू तळाशी जाते आणि त्या ती परत ओढून घेत नाहीत. पाणी जेमतेम शिंपा बुडतील इतकंच ठेवा. वर वर्तमानपत्र झाकून दोन-तीन तास घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा, फ्रीजमध्ये नको. गारठ्यात त्या उघडत नाहीत. मध्येच कागद हळूच उचलून बघा: फटींतून दोन-दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या दिसतील, एखादी चक्क पिचकारी मारेल. मग पाण्यातून काढून अर्धा तास चाळणीत निथळू द्या, आतलं जास्तीचं खारं पाणी त्या सोडून देतात. शेवटी शिंपा एकमेकींवर घासून धुवा. जी तिसरी उघडी आहे आणि टिचकी मारूनही मिटत नाही, ती मेलेली. टाकून द्या.

दाशीसाठी कोंबू, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, ऑनलाइन मिळतं. तेवढं मात्र मागवाच. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबूच्याच रसातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. शिंपल्यांची खास चव बरीचशी सक्सिनिक आम्लाची असते. दोन्ही एकत्र आली की सूपाला अंग येतं. 700 मिली गार पाण्यात तळहाताएवढा तुकडा अर्धा तास भिजवा. त्यावरची पांढरी भुकटी बुरशी नाही, धुऊन टाकू नका. मंद आचेवर तापवा आणि उकळी फुटायच्या आत कोंबू काढा, नाहीतर पाणी बुळबुळीत होतं. बोनितो या माशाची तयार पावडर किंवा वाळलेले शिताके मशरूम मी घालत नाही; त्यांचा वास तिसऱ्यांवर कुरघोडी करतो.

उदोनसाठी दोघांना 200 ग्रॅम मैदा, 90 मिली पाणी, 10 ग्रॅम मीठ. पीठ फार घट्ट वाटेल, वाटू दे. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पायाने तुडवा. जपानात घरी उदोन करणारे असंच करतात. तासभर झाकून ठेवा, जाडसर लाटा, कॉर्नफ्लोअर भुरभुरून घडी घाला आणि कापा. भरपूर उकळत्या पाण्यात, मीठ न घालता, दहा-बारा मिनिटं शिजवा. पिठातलं बरंचसं मीठ त्या पाण्यात उतरतं. मग गार पाण्याखाली चोळून धुवा.

आता 400 ग्रॅम तिसऱ्या रुंद भांड्यात घ्या. साके नसेल तर अर्धी वाटी कोरडी व्हाइट वाइन, तीही नको असेल तर तेवढंच पाणी आणि आल्याच्या दोन चकत्या. झाकण लावून मोठ्या आचेवर ठेवा. तीन-चार मिनिटांत शिंपा उघडू लागतात. उघडेल तशी एकेक चिमट्याने बाहेर काढा, सगळ्यांची वाट बघत बसलात तर पहिल्यांचं मांस रबरासारखं होतं. शेवटपर्यंत न उघडलेली खाऊ नका.

भांड्यात उरलेलं ते दुधाळ पाणी म्हणजेच तुमचं सूप. कोकणात विळीवर तिसऱ्या फोडताना गळणारं पाणी ज्या जपणुकीने वाटीत धरतात, तसंच हेही जपा. त्यात कोंबूचं पाणी ओता, एक उकळी आणा, फेस काढा. दोन मिनिटं निवळू द्या आणि वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून तळाचा घोटभर गाळ सोडून द्या. चमचाभर जपानी सोया सॉस घाला. चायनीजसाठी मिळणारा काळा सोया सॉस नको, रंग आणि चव दोन्ही बिघडतात. मीठ चाखल्याशिवाय घालू नका, बहुतेकदा लागतच नाही.

नूडल्स गरम पाण्यातून काढून बाऊलमध्ये घ्या, वर सूप, तिसऱ्या, पातीचा कांदा. लिंबाची हिरवी साल किंचित किसा. इथे युझू या लिंबासारख्या फळाची घालतात. लसूण, खोबरं, मसाला यांतलं काही नको. लोण्याचा छोटा तुकडा चालेल, इथे आसारी आणि लोणी ही जोडी आवडीने खातात.

सूप उरलं तर त्याच रात्री त्यात शिळा भात घालून उकळा आणि फेटलेलं अंडं सोडा. त्याला झोसुई म्हणतात.