मुलगा सिंगापूरच्या सैन्यात, आजोबा साताऱ्यात रुसलेले

"मुलगा तीन वर्षांचा असताना आम्ही पुण्याहून सिंगापूरला आलो. तो प्रायमरी शाळेत असताना इथलं नागरिकत्व घेतलं. आता त्याला एनएसचं, म्हणजे इथल्या सक्तीच्या सैन्यसेवेचं, बोलावणं आलंय. सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, साताऱ्याला असतात. 'माझा नातू परक्या झेंड्याला सलाम ठोकणार,' एवढंच सासूबाईंजवळ म्हणाले आणि फोनवर येणं बंद केलं. नणंद म्हणते, अठरा पूर्ण झाली की त्याला भारताचं नागरिकत्व परत घ्यायला लावा, सुटेल. परवा जेवताना मुलाने विचारलं, 'आजोबांना मी गद्दार वाटतो का?' मला उत्तर सुचलं नाही." — सिंगापूरहून एक आई

ताई, आधी नणंदबाईंचा उपाय निकालात काढू, कारण घरात असा एक चोरदरवाजा आहे असं वाटत राहिलं की बाकीचं बोलणं होतच नाही. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात कलम ८(२) आहे. आई-वडिलांमुळे ज्याचं नागरिकत्व गेलं, तो मुलगा सज्ञान झाल्यावर वर्षभरात ते परत मागू शकतो, असं त्यात आहे. नणंदबाईंच्या कानावर बहुधा हेच आलं असावं. पण ही सोय पालकांनी रीतसर जाहीर करून नागरिकत्व सोडलं असेल तरच. दुसऱ्या देशाचं घेतल्यामुळे ते कलम ९ खाली आपोआप गेलं असेल तर ८(२) लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सिंगापूरच्याच एका तरुणाच्या प्रकरणात सांगितलं आहे. इकडे सिंगापूरही एनएस चुकवण्यासाठी नागरिकत्व सोडू देत नाही. बोलावणं येऊन गैरहजर राहिलं तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेव्हा ही वाट बंद आहे.

उघडी असती तरी मी तिकडे जा म्हटलं नसतं. स्पष्ट बोलते, राग मानू नका. आपल्या लोकांत एक पद्धत पडली आहे: घर घेताना, शाळेचा प्रवेश घेताना नागरिकत्व हवं, आणि मुलगा सोळा-सतराचा झाला की एकदम मातृभूमीचा उमाळा येतो. शेजारच्या मलय आणि चिनी घरांना हे दिसत नाही असं समजू नका. तुमच्या मुलाचे वर्गमित्र डोकी भादरून पुलाउ टेकाँग या प्रशिक्षणाच्या बेटावर नेणाऱ्या फेरीबोटीत बसणार आहेत. त्यांच्याबरोबर तो लहानाचा मोठा झाला, रात्री अकराला मेट्रोने एकटा सुखरूप घरी आला. एनएसची दोन वर्षं हे त्या सगळ्याचं देणं आहे. नागरिकत्वाचा निर्णय तुम्ही घेतलात आणि देणं तो फेडतोय, हे मात्र त्याच्यासमोर एकदा कबूल करा. त्याला बरं वाटेल.

तुम्ही शाळेत रांगेत उभं राहून "भारत माझा देश आहे" म्हणत मोठ्या झालात. ती प्रतिज्ञा १९६२ ची, पायडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिलेली. तुमच्या मुलाने रोज सकाळी म्हटली ती एस. राजरत्नम यांनी १९६६ मध्ये लिहिलेली, वंश, भाषा, धर्म बाजूला ठेवून एक होण्याची. तेव्हा तो देश जेमतेम एक वर्षाचा होता. पुढच्याच वर्षी तिथे सक्तीची सैन्यसेवा आली. आपली प्रतिज्ञा आपल्यात भिनली आणि त्याची त्याच्यात भिनू नये, ही अपेक्षा कुठली?

आता आजोबा. त्यांचं दुखणं झेंड्याचं आहे असं मला फारसं वाटत नाही. सुभेदाराच्या घरात पुढे कुणी फौजेत गेलं नाही. मुलगा कंपनीत गेला, परदेशात स्थिरावला. नातवाला खडकवासल्याला पाठवायचं स्वप्न त्यांनी कधी बोलून दाखवलं नसेल, पण साताऱ्याच्या फौजी घरात ते नसतंच असं नाही. आणि आता त्या घराण्यात अखेर एक जवान तयार होतोय तो दुसऱ्याच देशाचा. ही सल सुनेने समजूत घालून जाणारी नाही. हे बोलणं तुमच्या नवऱ्याने करायचं आहे, वडिलांसमोर बसून, जमलं तर साताऱ्याला जाऊन. "बाबा, तिकडे जायचं मी ठरवलं, पोराने नाही," हे वाक्य त्यांच्या मुलाच्याच तोंडून यायला हवं.

नातवाला मात्र वेगळं काम द्या. त्याने आजोबांना फोन करून देशभक्तीवर एक अक्षर बोलू नये. नवे बूट टाच सोलतात त्याला काय करायचं, बुटाला आरशासारखी चमक कशी आणायची, तासन् तास सावधान उभं राहताना चक्कर येऊ नये म्हणून पाय कसे ठेवायचे, असं विचारावं. आजोबा दोन दिवस गुरगुरतील, तिसऱ्या दिवशी मोजे कुठल्या कापडाचे घ्यायचे ते सांगतील. फौजी माणसाला रंगरूट दिसला की राहवत नाही.

त्यांना आणखी एक सांगा. सिंगापूरचे तोफखान्याचे जवान आपल्या देवळालीच्या फायरिंग रेंजवर भारतीय तोफखान्याबरोबर सराव करतात. 'अग्नी वॉरियर' नाव आहे सरावाचं. नोव्हेंबर २०२४ मध्येही झाला. नाशिक जिल्ह्यात, साताऱ्याहून एका दिवसाच्या रस्त्यावर. परका झेंडा म्हणतात तो आपल्याच मैदानावर पाहुणा म्हणून येतो. "उद्या दोन देशांत वाजलं तर?" असं ते विचारतीलच. या दोन देशांपुरता तरी हा प्रश्न चहाच्या टेबलावरचाच आहे, असं बेधडक सांगा.

मुलासाठी मात्र सिंगापूरच्याच मातीतली एक गोष्ट आहे. २२ ऑक्टोबर १९४३ ला तिथे आझाद हिंद सेनेच्या राणी झाशी रेजिमेंटचं प्रशिक्षण शिबिर सुरू झालं. नाव आपल्या मणिकर्णिका तांबेंचं, प्रमुख डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन, आणि रायफल हातात घेणाऱ्या मुली बहुतेक मलायात (आजच्या मलेशिया-सिंगापूरच्या भागात) जन्मलेल्या. त्यांतल्या कितीतरी रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ मजुरांच्या लेकी होत्या. भारत त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. क्वालालंपूरच्या जानकी आती नहप्पन या मलायात जन्मलेल्या मुलींपैकीच एक, पुढे रेजिमेंटच्या उपप्रमुख झालेल्या. युद्ध संपल्यावर त्या भारतात येऊन राहिल्या नाहीत. १९४६ मध्ये मलायन इंडियन काँग्रेसच्या संस्थापकांत त्या होत्या, नंतर मलेशियाच्या संसदेत सिनेटर झाल्या, आणि भारताने २००० साली त्यांना पद्मश्री दिली. जिथे जन्मल्या, वाढल्या, त्या देशाचं काम आयुष्यभर केलं आणि भारताशी नातंही ठेवलं. आझाद हिंद सेनेबद्दल जुन्या फौजींची मतं वेगवेगळी असतात, त्यामुळे आजोबांशी हा विषय काढताना जपून. पण मुलाला हे नाव माहीत असू द्या. तो गद्दार आहे का, याचं उत्तर "छे, काहीतरीच काय!" असं झटकून देण्यापेक्षा या बाईंची गोष्ट सांगून द्या.

गणपतीची आरती पाठ असणं, भारत-पाकिस्तान सामन्यात निळा टी-शर्ट घालणं, साताऱ्याला गेल्यावर पाया पडणं, यातलं काहीही एनएसमुळे जात नाही. एनएसच्या बदल्यात हे सगळं जास्त करून दाखव, असा दबावही आणू नका. दोन बाजूंच्या परीक्षा एकदम द्यायला लागल्या की मुलं दोन्हीकडून कंटाळतात. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हे अमेरिकेतूनही येतं, ऑस्ट्रेलियातूनही.

शिवाय त्याचा स्वतःचा निर्णय अजून व्हायचा आहे. लहानपणी पालकांबरोबर नागरिक झालेल्या मुलाला एकवीस पूर्ण झाल्यावर वर्षभरात निष्ठेची शपथ स्वतः घ्यावी लागते, नाहीतर नागरिकत्व टिकत नाही. तोवर एनएस झालेली असेल. त्या वेळी त्याला एकट्याने विचार करू द्या, फॅमिली ग्रुपवर मतदान नको.

राहिली कामं. परदेशी सैन्यात असलेल्यांबाबत ओसीआयचे (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचे) नियम कडक आहेत, म्हणून कार्ड काढायचं असेल तर भारतीय उच्चायुक्तालयाला आत्ताच ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. शाकाहारी असेल तर तसं फॉर्मवर लिहा, जेवण मिळतं. भरतीच्या दिवशी पालकांना टेकाँगला सोबत जाता येतं आणि मुलं शपथ घेतात ती बघता येते. त्या दिवशी आजोबांना बोलावू नका, घाई होईल. मूळ प्रशिक्षण साधारण नऊ आठवड्यांचं, शेवटी परेड असते. बेळगावची कसम परेड केलेल्या माणसाला तिथे रांगेची चूक लगेच दिसेल आणि बोलायला विषय मिळेल. तारीख कळली की त्यांच्या व्हिसाचं आणि तिकिटाचं नवऱ्याला बघायला सांगा.