आज्जीची दोन नावं

प्रिय मनू,

परवा जेवताना तू जे विचारलंस, त्यावर समोरासमोर बोलायला गेले असते तर माझा आवाज चढला असता. म्हणून लिहिते आहे. सगळं वाचायलाच हवं असं नाही. कंटाळा आला तर कुरडयांपाशी थांब, तो भाग तुला आवडेल.

झालं असं, की शाळेच्या वंशवृक्षासाठी मामाआजोबांनी आज्जीच्या सातवीच्या दाखल्याचा फोटो पाठवला आणि त्यावर नाव निघालं तारा. तू तर चौकटीत वसुधा लिहून बसली होतीस. लग्नात बदललं गं, असं मी सहज म्हणाले. त्यावर तू, "तिला कुणी विचारलं होतं का? की तुम्ही सगळे तिला आयुष्यभर भलत्याच नावाने हाक मारत होता?" बाबा पाणी प्यायला उठले. मी नुसतीच वरण वाढत राहिले.

नव्हतं विचारलं. १९६१ साली सांगलीत असलं कुणी विचारत नसे. तांदळाचं ताट पुढे आलं, आजोबांनी अंगठीने त्यात नाव लिहिलं, सगळ्यांना ते सांगितलं, पेढे वाटले. वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं, आडनाव बदललं, आणि उरलेलं एक होतं तेही त्या ताटात गेलं.

पण भलत्याच नावाने हाक मारण्याचं म्हणशील, तर खरं सांगू का, तिला नावाने हाक मारायचंच नाही कुणी. आजोबा 'अगं' म्हणायचे. आम्ही आई, आत्या वहिनी, अख्खी गल्ली काकू. 'वसुधा' कानावर पडायचं ते पोस्टाच्या खिडकीवर, पासबुक परत देताना. आजोबांनी तिचं नाव घेऊन उखाणा म्हटला तो एकदाच, लग्नात घास भरवताना, आणि तोही कुणीतरी कानात सांगितलेला. तिने मात्र आजोबांचं नाव दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घेतलं, दरवेळी नवा उखाणा रचून.

वसुधाच का? घरात एक तारा आधीच होती. माझी थोरली काकू. एका स्वयंपाकघरात दोन तारा म्हणजे घोळ, म्हणून धाकटीचं बदललं. मी लहानपणी हे कारण ऐकलं तेव्हा मला ते अगदी पटलं होतं, आणि अजूनही थोडं पटतं, हे तुला आवडणार नाही. खरी गंमत पुढे आहे. एकदा शेंगा सोलता सोलता आई म्हणाली, "ती तरी कुठं जन्माची तारा? तिचंही लग्नातच ठेवलेलं." म्हणजे ठेवलेल्या तारासाठी जन्माच्या ताराने जागा सोडली! मी विचारलं, राग नाही आला? तर म्हणाली, "नावाचं काय एवढं, हाक मारली की ओ द्यायची." आणि शेंगांचं सूप उचलून आत गेली.

माहेर तिचं हरिपूर. सांगलीतून चिंचांच्या रस्त्याने गेलं की कृष्णा-वारणेचा संगम लागतो, तिथे संगमेश्वराचं देऊळ. श्रावणी सोमवारी जत्रा असायची, आम्ही हटकून जायचो. हळदीचं गाव ते. हळद तिथे जमिनीखाली ठेवायचे, पेवांमध्ये. वर बाटलीसारखं अरुंद तोंड आणि आत माणूस उभा राहील एवढी पोकळी. तोंड उघडलं तरी लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा मेलेली असते. २००५च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं गेली. आईचे वडील हळदीच्या अडतीत दिवाणजी होते, त्यांच्या धोतराला धुऊनही तो वास राहायचा. हे सगळं मी का सांगत बसले? हां. त्या गावात पाऊल टाकलं की कट्ट्यावरून कुणीतरी ओरडायचं, "तारक्का आली गं!" आणि माझी आई चटकन मान वळवायची. सांगलीत ती अशी चटकन कधी वळली नाही. हरिपुरात ती मोठ्याने हसायची, नदीवर भावांशी पैज लावायची. मला सात-आठ वर्षांची असताना त्या बाईचा थोडा मत्सर वाटायचा. ती आमच्याबरोबर परत यायची नाही.

आणखी एक ताराची गोष्ट. लग्नात माहेरून आलेल्या भांड्यांवर नाव घातलेलं होतं, अर्थातच 'चि. सौ. कां. तारा'. पुढे भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या काकूने ती भांडी सरळ आपल्या ढिगात ओढली. नाव तिचंच होतं ना! आजोबा तावातावाने उठले, आईने त्यांना बसवलं. दोन पितळी डबे आणि एक परात अशी गेली. आई त्यावर हसायची. मी अजून हसू शकत नाही.

आता कुरडया. तुला आठवतं ते तळलेलं पांढरं फूल, पण त्यामागे तीन दिवस गहू भिजत असायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटायचे, गाळायचे, चीक खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं आणि पहाटे हिंग-मीठ घालून तो शिजवायचा. ढवळणं थांबलं की गुठळी. उन्हं वर यायच्या आत गच्चीवर सोऱ्याने घालून मोकळं व्हायचं. गरम चीक तेल घालून वाटीत मिळायचा, ती आमची कावळे हाकलायची मजुरी. अर्धवट वाळलेल्या कुरडया आम्हीच पळवायचो, कावळ्यांचं नाव पुढे करून. पापड, सांडगे, वर्षाची चटणी, लोणचं, सगळ्यांचा हिशेब तिच्या वहीत. अक्षर काय सुंदर! सातवीची फायनल पास होती ती. त्या काळी तेवढ्यावर प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळायची. तिच्या वर्गातल्या एकीला मिळालीही होती, आणि ती बाई रस्त्यात भेटली की आई तिच्याशी जरा जास्तच वेळ बोलायची.

तू म्हणशील, मग हे वाईटच होतं ना? मला 'हो' म्हणवत नाही. 'हो' म्हटलं की गच्चीवरची ती बाई बिचारी होते, आणि ती बिचारी नव्हती. सगळं घर तिच्या शब्दावर चालायचं, आजोबासुद्धा. 'नाही' म्हणावं, तर माझ्या लग्नातली गोष्ट आड येते.

बाबांच्या घरीही नाव बदलायची पद्धत होती. माझ्यासाठी एक नाव काढूनही ठेवलं होतं, कोणतं ते मी सांगणार नाही, तू हसशील. याद्या करायला मंडळी बसली होती. आई चहाचा ट्रे घेऊन आली आणि ट्रे खाली ठेवता ठेवता तुझ्या तिकडच्या आजीला म्हणाली, "विहीणबाई, पोरीचं नाव तेवढं आहे तेच राहू द्या हं." हात नाही जोडले, कारण नाही दिलं. सगळे गप्प. मग तिकडची आजी म्हणाली, "राहू दे की, चांगलं आहे." ताटातल्या तांदळात बाबांनी माझंच नाव लिहिलं. ओ दिली की झालं म्हणणारी माझी आई! त्यानंतर तिच्याशी या विषयावर कधी बोलणं झालं नाही, आणि तिनेही काढला नाही.

आडनाव मात्र मी बदललं. कुणी बळजबरी केली नाही. मेलबर्नला यायचं ठरत होतं, कागद एकसारखे असलेले बरे असं वाटलं. हे कारणही थोरल्या काकूच्या घोळासारखंच सोयीचं आहे, हे लिहिताना मला दिसतंय. महाराष्ट्रात आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. आईला हे ऐकून काय वाटलं असतं कोण जाणे. बहुतेक म्हणाली असती, फॉर्ममध्ये जागा पुरते का तेवढी?

तुझ्या तक्त्यात तारा लिही, वसुधा लिही, दोन्ही लिही. बाईंनी एकच नाव मागितलं असेल तर मला विचारू नकोस, तूच ठरव. फक्त वसुधा खोडायची असेल तर ते 'भलतं' होतं म्हणून खोडू नकोस. त्या नावाने तिने छप्पन्न वर्षं संसार केला.

आणि पुण्याच्या दादामामाला रविवारी आपल्या दुपारी फोन कर, तिकडे तेव्हा त्याचा चहा चालू असतो. त्याच्या आईचं, म्हणजे थोरल्या काकूचं, लग्नाआधीचं नाव काय होतं ते विचार. आम्हा बाकी कुणालाच ते माहीत नाही, आणि तुझ्या तक्त्यात तिचीही चौकट आहे.

तुझी,
आई