चष्मा दप्तरात ठेवू नकोस

पोरी,

तुझं पत्र मिळालं. दिवाळीत तू सपरीत पुस्तक नाकाशी धरून बसली होतीस, तेव्हाच विचारायला हवं होतं मी. नंबर निघून दोन महिने झाले आणि चष्मा दप्तरातच. आई म्हणते रोज घातला तर नंबर वाढेल, मावशी म्हणते सोयरीक जमायची नाही. सोयरिकीचं मी बघतो, तू डोळ्यांचं बघ.

चष्म्यानं नंबर वाढत नाही. डोळ्याचा गोळा जरा लांबट झाला की दूरच्या वस्तूची प्रतिमा डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते आणि लांबचं धूसर दिसतं. वाढत्या वयात गोळाही वाढतो, म्हणून नंबर वाढतो. चष्मा दप्तरात ठेवून तो थांबत नाही. हे मला सातवीत कोणी सांगितलं नाही. फळ्यावरच्या 8 ला मी 3 म्हणालो, वर्ग हसला आणि गुरुजींनी मला ढ ठरवून मागं बसवलं. मागून तर फळाच दिसेना. चष्मा लागला तो दहावीनंतर. तोवर स्टँडवर एसटीची पाटी दुसऱ्याला विचारून चढायचो. त्या तीन वर्षांचं अजून वाईट वाटतं, म्हणून इतकं लिहितोय.

आजी म्हणते, मिणमिणत्या दिव्यात वाचून डोळे जातात. तसे ते जात नाहीत. थकतात, चुरचुरतात, डोकं दुखतं. पण उजेड कमी असला की आपण पुस्तक जवळ ओढतो, आणि तासन्‌तास इतक्या जवळून वाचणं चांगलं नाही. कोपर पुस्तकावर टेकव, मूठ हनुवटीला लागली पाहिजे. तेवढं अंतर ठेव. तू उजव्या हातानं लिहितेस, तर दिवा डाव्या बाजूला ठेव, म्हणजे हाताची सावली वहीवर पडणार नाही. दर 20 मिनिटांनी खिडकीतून लांबच्या पळाटीकडे बघ. मोबाइल बघताना पापण्या फार कमी लवतात, त्यात आपल्याकडची कोरडी हवा, म्हणून डोळे खुपतात. मुद्दाम पापण्या मिटत जा.

आता तुझ्या धाकट्या भावाचं. जी मुलं रोज दोनेक तास बाहेर उजेडात असतात, त्यांना लांबचा नंबर लागण्याची शक्यता कमी असते. खोलीत ट्यूबलाइटखाली 200-300 लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो, बाहेर मोकळ्या सावलीतही तो कित्येक हजार लक्स भरतो. त्या उजेडानं डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि ते गोळ्याच्या वाढीला आवर घालतं, असं संशोधक मानतात. तुझा लागलेला नंबर त्यानं उतरायचा नाही, पण धाकट्याला तरी दिवसभर मोबाइल देऊन घरात बसवू नका. मे महिन्यात सकाळी आणि उन्हं कलल्यावर खेळू दे. सूर्याकडे मात्र बघायचं नाही.

वर्षातून एकदा ग्रामीण रुग्णालयात नंबर तपासून घे. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके किंवा विजेसारखी चमक आली तर त्याच दिवशी दाखवायचं, बाजाराची वाट बघायची नाही.

बुधवारी बाजाराला येशील तेव्हा चष्मा घालून ये. दांडी सैल आहे म्हणतेस ना, स्टँडसमोरचा चष्मेवाला बसल्या बसल्या कसून देतो.

तुझे मोठेबाबा